अर्जदार : मी स्वतः

२०२४ च्या फेब्रुवारीतली गोष्ट. सकाळचे साडेदहा वाजलेले. मी आणि आमच्या वन्सं गावच्या ग्रामपंचायतीच्या बाकावर बसलो होतो. ग्रामसेवक अजून यायचे होते. वन्संच्या मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत लेकीचा शाळा सोडल्याचा दाखला, आधारच्या झेरॉक्स आणि का कोण जाणे, तिच्या बारशाचा एक फोटो.

“अगं, तिकडे ती एवढी शास्त्रज्ञ झाली,” वन्सं हळूच मला म्हणाल्या, “आणि त्यांना ती जन्माला आली की नाही याचाच पुरावा हवाय?”

मला हसू आलं, पण त्यांचं काही चुकलं नव्हतं. आमची ही भाची म्हणजे माझ्या नणंदेची थोरली मुलगी. १९८६ साली आमच्याच घरात, माजघरात, दाईच्या हातून तिचा जन्म झाला. पहिलं बाळंतपण माहेरी या रिवाजाने. मी तेव्हा या घरात नव्हते, मी स्वतःच शाळेत होते! पुढे तिने राहुरीच्या कृषी विद्यापीठातून एम.एस्सी. केलं, २००९ मध्ये पीएच.डी.साठी अमेरिकेला गेली आणि तिथेच संशोधनात रमली. तिचा विषय ऐकून सुरुवातीला आम्ही सगळे हसलो होतो. शेंगदाण्यावरची बुरशी!

पण हा विषय हसण्यासारखा मुळीच नाही, बरं का. ओलसर राहिलेल्या शेंगांवर, मक्यावर एक हिरवट-पिवळी बुरशी धरते. तिच्यातून ‘अफ्लाटॉक्सिन’ नावाचं विष तयार होतं. ते यकृतावर घाला घालतं, त्यातून कर्करोगही होऊ शकतो. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी पटापट मेले. शोध घेतला तेव्हा त्यांच्या खाद्यातल्या शेंगदाण्याच्या पेंडीत हे विष सापडलं. तेव्हापासून जगभर यावर काम चालू आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागात, विशेषतः जॉर्जिया राज्यात, भुईमूग भरपूर पिकतो. शेत कापणीला येण्याआधीच ही बुरशी कुठे आणि का धरते, हे शोधण्यात आमच्या भाचीची उमेदीची वर्षं गेली.

तर अशा या मुलीला तिथे कायमचं राहण्याची परवानगी, म्हणजे आपण ज्याला ‘ग्रीन कार्ड’ म्हणतो ते, हवं होतं. आपल्याकडे या कार्डाबद्दल फार गैरसमज आहेत. ते मिळालं म्हणजे माणूस अमेरिकन झाला असं नाही. पासपोर्ट भारताचाच राहतो. फक्त नोकरी गेली तरी देश सोडावा लागत नाही, कुठेही काम करता येतं. नागरिकत्वाचा अर्ज त्यानंतर साधारण पाच वर्षांनी करता येतो, आणि तोही हवा असेल तरच.

नोकरदारांना हे कार्ड बहुतेक वेळा कंपनीमार्फत मिळतं. कंपनीने आधी त्या जागेची जाहिरात द्यायची, या कामाला लायक आणि तयार असा अमेरिकन माणूस मिळत नाही हे सरकारला पटवायचं, मग आपल्या माणसासाठी अर्ज करायचा. आमच्या जावयांच्या कंपनीने २०१६ मध्ये तसा अर्ज केला होता. ते संगणकवाले. पण विद्यापीठात ‘पोस्ट डॉक’ म्हणून राबणाऱ्या संशोधकासाठी असा खटाटोप कोण करणार? आज एक प्रकल्प, त्याचे पैसे संपले की दुसरा.

अशांसाठी तिथल्या कायद्यात एक खिडकी आहे. मालकाशिवाय, आपला अर्ज आपणच करायचा. १९९० च्या कायद्याने नोकरीवर आधारलेल्या ग्रीन कार्डांचे पाच वर्ग केले. त्यातल्या पहिल्या वर्गात ‘असाधारण क्षमता’ असलेल्या माणसाला स्वतः अर्ज करता येतो. दुसऱ्या वर्गात, माझं काम देशाच्या हिताचं आहे म्हणून मला मालकाची आणि त्या जाहिरातीची अट माफ करा, असं म्हणता येतं. अर्जाचा फॉर्म एकच, ‘आय-१४०’. त्यात अर्ज कोण करतंय या रकान्यात कंपनीचं नाव न घालता स्वतःचं घालायचं. वकील लावलाच पाहिजे असं बंधन नाही, पण बहुतेक जण लावतात.

२०१९ च्या सुरुवातीला एका रविवारी तिचा फोन आला. नेहमी आधी आईला फोन करणारी मुलगी, त्या दिवशी आधी मला केला.

“मामी, मला स्वतःबद्दल लिहायचंय. जमत नाहीये.”

“तू? तू तर एवढी जाडजूड पीएच.डी. लिहिलीस!”

“ते बुरशीबद्दल होतं हो. हे माझ्याबद्दल आहे.”

वकिलांनी तिला एक लांबलचक निवेदन लिहायला सांगितलं होतं. मी काय शोधलं, त्याचा या देशाला काय उपयोग, ते पुढे नेणारी मीच का. तिने पहिला खर्डा पाठवला आणि वकिलांनी तो लाल शाईने रंगवून परत केला. तिने सगळीकडे ‘आम्ही’ लिहिलं होतं. आम्ही नमुने गोळा केले, आम्हाला असं आढळलं. शास्त्रज्ञांची लिहायची पद्धतच तशी असते म्हणे. वकिलांनी प्रत्येक ‘आम्ही’भोवती गोल करून विचारलं होतं, आम्ही म्हणजे कोण? यातलं तुम्ही काय केलं?

“मामी, ‘मी’ लिहिलं की मला खोटं बोलल्यासारखं वाटतं. सर होते, बरोबरची मुलं होती. मी एकटीने काय केलं?”

मैत्रिणींनो, मला त्या क्षणी आमच्या बचत गटातल्या बायका आठवल्या. गेली पंधरा-सोळा वर्षं मी हे काम करते. बँकेच्या कर्जाचा फॉर्म भरताना ‘व्यवसाय’ या रकान्याशी आलं की ठरलेलं उत्तर येतं, “काही नाही ताई, घरीच असते.” दिवसाला पाच किलोचे पापड लाटणारी बाई घरीच असते! दोन म्हशींचं दूध काढून डेअरीला घालणारी घरीच असते! मी त्यांना रागावते आणि पेन घेऊन लिहिते, ‘पापड उद्योग’. पण आमची भाची परदेशात जाऊन डॉक्टर झाली, तरी तीही घरीचच निघाली की!

मी तिला एवढंच म्हटलं, “सरांनी काय केलं ते सर लिहितील. शेतात पहाटे जाऊन माती कोण उकरत होतं ते लिही.” मला शास्त्रातलं कळत नाही. पण त्यानंतर म्हणे तिने जुन्या वह्या काढल्या, प्रयोगांच्या तारखा काढल्या आणि एकेका शोधनिबंधापुढे स्वतःचा वाटा किती, हे मांडत गेली. तीन महिने लागले तिला.

दुसऱ्या वर्गातल्या या ‘देशहिता’च्या अर्जाची कसोटी २०१६ च्या डिसेंबरमध्ये बदलली होती. विमानशास्त्रातल्या एका संशोधकाच्या अर्जावर तेव्हा निर्णय झाला. त्याच्या नावाने तो ‘धनासर निर्णय’ म्हणून ओळखला जातो. त्याआधी १९९८ पासूनची कसोटी फार कडक आणि धूसर होती. नव्या निर्णयाने तीन सरळ प्रश्न ठेवले. काम महत्त्वाचं आहे का, आणि त्याचं महत्त्व देशपातळीवर आहे का? ते पुढे नेण्याची या माणसाची तयारी आहे का? आणि मालकाची अट माफ करण्यात देशाचा फायदा आहे का? भुईमुगातलं विष म्हणजे लोकांच्या खाण्याचा प्रश्न, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिला सापडलं. दुसऱ्यासाठी तिची कामगिरी होती. २०२० मध्ये अर्ज मंजूर झाला.

आम्ही इकडे पेढे वाटले. वन्संनी तर सत्यनारायण घातला. आणि मग कळलं की कार्ड मिळालेलंच नाही!

हा भाग जरा किचकट आहे, पण ज्यांची मुलं तिकडे आहेत त्या सगळ्यांनी समजून घ्यायलाच हवा. अर्ज मंजूर होणं म्हणजे रांगेत उभं राहायची चिठ्ठी मिळणं. नोकरीवर आधारलेली ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १ लाख ४० हजार. त्यात कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना ७ टक्क्यांहून जास्त नाही, हा नियम. भारत असो की आपल्या एखाद्या जिल्ह्याएवढा देश असो, टक्का तोच. बायको-मुलंही त्याच आकड्यात मोजली जातात. इतरांचं उरलं तर आपल्याला मिळतं, पण दरवर्षी उरेलच असं नाही. त्यामुळे भारतीयांची रांग वर्षानुवर्षं लांबत गेली. दर महिन्याला अमेरिकेचं परराष्ट्र खातं एक पत्रक काढतं, कोणत्या तारखेपर्यंत अर्ज केलेल्यांचा नंबर लागला ते त्यात असतं. २०२५ च्या जुलैमध्ये दुसऱ्या वर्गातल्या भारतीयांची तारीख होती १ जानेवारी २०१३. म्हणजे बारा वर्षांपूर्वी ज्यांनी अर्ज केला, त्यांचा नंबर तेव्हा लागत होता!

तसं पाहिलं तर आपल्या लोकांसाठी हे दार पूर्वी याहून घट्ट होतं. १९२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात भारतीयांना नागरिकत्व मिळू शकत नाही असाच निकाल दिला होता. १९४६ च्या कायद्याने तो अडसर काढला, पण वर्षाला फक्त १०० भारतीयांना वसायला येता येईल असं ठरवलं. १९६५ नंतर खऱ्या अर्थाने दार उघडलं. हे मी भाचीकडूनच ऐकलं. रांगेत उभं राहून राहून माणूस रांगेचा इतिहासही शिकतो, असं ती म्हणायची.

रांगेतल्या माणसाचं आयुष्य अर्धवट असतं. व्हिसाचा शिक्का संपलेला असला की इकडे येताना धाकधूक, कारण परत जाण्यासाठी वकिलातीतून नवा शिक्का घ्यावा लागतो. २०२१ च्या मे महिन्यात कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत भाऊजी गेले, म्हणजे तिचे वडील. तेव्हा भारतातल्या अमेरिकन वकिलातींचं नेहमीचं व्हिसाचं काम बंद होतं. ती आली असती तर परत कधी जाता येईल याचा भरवसा नव्हता, आणि तिची लेक तेव्हा पाच वर्षांची. तिने मोबाइलवरच सगळं पाहिलं. त्याबद्दल ती आजही बोलत नाही, आणि आम्हीही तिला विचारत नाही.

मग २०२३ च्या जानेवारीत जावयांची नोकरी गेली. त्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या संगणक कंपन्यांनी हजारो माणसं कमी केली, त्यात हेही. ‘एच-१बी’ व्हिसावरच्या माणसाला नोकरी सुटल्यावर जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. तेवढ्यात नवी नोकरी शोधा, व्हिसा बदला, नाहीतर देश सोडा. इथे भाचीचा तो ‘नुसताच’ मंजूर झालेला अर्ज कामाला आला. जावई तिच्यावर अवलंबून असलेल्या जोडीदाराच्या व्हिसावर गेले. आणि २०१५ च्या एका नियमामुळे, बायकोचा ‘आय-१४०’ मंजूर असल्याने, त्यांना कामाचा परवानाही मागता आला. हा नियम आला तेव्हा त्याचा फायदा बहुतेक बायकांनाच झाला होता. आमच्याच ओळखीतली एक एम.एस्सी. झालेली मुलगी नवऱ्याच्या व्हिसावर सहा वर्षं घरी बसून होती, परवाना आला तेव्हा ती फोनवर रडली होती. इथे उलटं झालं.

वन्संना हे काही पचेना. “जावई बायकोच्या व्हिसावर?” असं त्या कोणालाही सांगत नव्हत्या. मी म्हटलं, “वन्सं, इतकी वर्षं ती कोणाच्या जिवावर राहते असं लोक विचारायचे तेव्हा चालायचं, आता का नाही?” त्यावर त्या गप्प बसल्या. जावई मात्र मजेत होते म्हणे, लेकीला शाळेत सोडायचं काम त्यांच्याकडे आलं होतं!

याच वर्षी भाचीने ठरवलं की पहिल्या वर्गातून, त्या ‘असाधारण क्षमते’तून पुन्हा अर्ज करायचा. कारण त्या वर्गाची रांग तुलनेने लहान. आणि एक फार उपयोगी तरतूद आहे. आधीच्या मंजूर अर्जाची तारीख दुसऱ्या अर्जाला लावता येते. म्हणजे २०१९ ची जागा राखून ठेवून लहान रांगेत शिरायचं. (नवऱ्याची २०१६ ची तारीख मात्र बायकोला स्वतःच्या अर्जासाठी वापरता येत नाही, हेही लक्षात ठेवा. ज्याची तारीख त्याची.)

पण इथली कसोटी अवघड. नोबेलसारखं मोठं पारितोषिक असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर दहा निकष दिलेत, त्यातले किमान तीन सिद्ध करायचे. त्यात पुरस्कार आहेत, मोठा पगार आहे, तुमच्याबद्दल छापून आलेलं आहे. संशोधकाच्या वाट्याला साधारणपणे तीन येतात. शोधनिबंध लिहिलेले असणं, विषयाला महत्त्वाची नवी भर घातलेली असणं, आणि इतरांच्या कामाचं परीक्षण केलेलं असणं. हे तिसरं ऐकून भाची हसली होती. नियतकालिकांकडे आलेले दुसऱ्यांचे निबंध ती रात्री जागून तपासायची, त्याचा एक पैसा मिळत नसे. ‘माझी हमाली’ म्हणायची ती त्याला. त्या हमालीची एक-एक ई-मेल शोधून तिने पुरावा जोडला.

आणि तीन निकष पुरे झाले म्हणजे संपलं असंही नाही. त्यानंतर अधिकारी सगळी फाईल एकत्र पाहून ठरवतो की हा माणूस खरोखर त्या क्षेत्रातल्या अगदी वरच्या मोजक्यांपैकी आहे का.

शिफारसपत्रांची गंमत वेगळीच. आपल्याला वाटतं, ज्याने आपल्याला जवळून पाहिलं त्याचं पत्र मोलाचं. तिथे उलटं. ज्याने तुमच्याबरोबर कधी काम केलं नाही, पण तुमचं काम वाचून स्वतःच्या कामात वापरलं, त्याच्या पत्राला वजन जास्त. म्हणजे अनोळखी माणसांना लिहायचं, की मी अमुक अमुक, तुम्ही माझा निबंध वापरलात, त्याचा काय उपयोग झाला ते लिहून द्याल का? आपल्या मुलींना हे किती जड जातं ते मी सांगायला नको. तिने अकरा जणांना लिहिलं. चौघांनी उत्तरच दिलं नाही, एकाने वेळ नाही म्हटलं. पण दुसऱ्या देशातल्या एका वयस्क प्राध्यापिकेने दोन पानी पत्र पाठवलं आणि वर स्वतंत्र ओळ लिहिली की मीही एकदा अशी पत्रं मागत फिरले आहे.

अर्ज गेला, आणि ‘आणखी पुरावा द्या’ असं पत्र आलं. निबंध लिहिलेत ते दिसतंय, इतरांनी त्यांचा उल्लेख केलाय तेही दिसतंय, पण त्यामुळे क्षेत्रात काय बदललं? या पत्राला उत्तर द्यायला जास्तीत जास्त ८४ दिवस मिळतात. त्या दिवसांत तिचा फोन आला की आम्हाला नुसता टाइपिंगचा आवाज यायचा. त्यात ऑगस्टच्या पत्रकात पहिल्या वर्गाची भारतीयांची तारीखही एकदम मागे, २०१२ वर नेऊन ठेवली. तारखा पुढे सरकतात तशा मागेही जातात, हे तेव्हा कळलं. तिने शेवटी शेंगा वाळवून साठवणाऱ्या एका कंपनीचं पत्र मिळवलं. तिने सांगितल्याप्रमाणे शेतातूनच कोणत्या शेंगा वेगळ्या काढायच्या हे ते ठरवू लागले होते, ते त्यांनी साध्या भाषेत लिहून दिलं. डिसेंबरमध्ये अर्ज मंजूर झाला. जानेवारी २०२४ च्या पत्रकात तारीख पुन्हा सरकून सप्टेंबर २०२० झाली. तिची २०१९ ची. नंबर लागला होता!

इथे एक सांगून ठेवते. या वाटेवर दलालही पुष्कळ आहेत. पैसे भरा, पुरस्कार घ्या. पैसे भरा, निबंधावर नाव घाला. भाचीलाही अशा ई-मेल येत. कागद खोटा आहे असं उघड झालं तर नुसता अर्ज फेटाळला जात नाही, त्या देशाचं दार कायमचं बंद होऊ शकतं. फी पाहिली तर १ एप्रिल २०२४ पासून ‘आय-१४०’ची ७१५ डॉलर, आणि स्वतः अर्ज करणाऱ्याला वर ३०० डॉलर. वकिलाचे पैसे निराळे आणि त्याला काही धरबंध नाही. दोन-तीन ठिकाणी विचारूनच ठरवावं.

तर नंबर लागल्यावर शेवटचा अर्ज करायचा, त्याला जन्माचा दाखला लागतो. म्हणून आम्ही ग्रामपंचायतीच्या बाकावर!

ग्रामसेवक चांगला मुलगा होता. १९८६ चं रजिस्टर त्याने कपाटाच्या अगदी तळातून काढलं. पानांना वाळवी लागलेली. बोट फिरवत फिरवत नोंद सापडली. वडिलांचं नाव, आईचं नाव, तारीख. आणि बाळाच्या नावाच्या जागी? नुसतं ‘मुलगी’. नोंद चौथ्या दिवशी केलेली, बारसं बाराव्या. नाव घालायला पुन्हा कोण येतंय!

नशीब एवढंच की तारीख शाळेच्या दाखल्याशी जुळत होती. नाहीतर त्या काळच्या निम्म्या मुलांचे वाढदिवस गुरुजींनी १ जूनलाच करून टाकलेत.

वकिलांनी सांगितलं, दाखला आहे तसा घ्या, सोबत शाळेचा दाखला जोडा, आणि जन्माची प्रत्यक्ष माहिती असलेल्या दोघांची प्रतिज्ञापत्रं द्या. आई-वडील असते तर प्रश्नच नव्हता. भाऊजी तर नाहीत. मग एक वन्संचं आणि दुसरं आमच्या सासूबाईंचं. वय वर्षं ८३. त्यांना तालुक्याला नोटरीकडे नेलं. वन्संचा नंबर आला तेव्हा मजकूर वाचता वाचता त्यांचा आवाज दाटला. ‘मी सदर मुलीची जन्मदाती आई असून’ असं लिहिलं होतं. “हे मी स्टँप पेपरवर सांगायचं?” म्हणाल्या. सासूबाई मात्र खणखणीत. नोटरींनी विचारलं, “आजी, तुम्हाला तारीख कशी आठवते?” त्या म्हणाल्या, “नागपंचमीचा आदला दिवस. झोका बांधला होता आणि हिला कळा सुरू झाल्या. झोका तसाच राहिला.”

मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतरही लागतं. ते सरकारी माणसाकडूनच हवं असं नाही. ज्याला दोन्ही भाषा येतात त्याने भाषांतर पूर्ण आणि बरोबर असल्याचं लिहून सही करायची. आमच्या गल्लीतल्या निवृत्त इंग्रजीच्या मॅडमनी एका दुपारी ते करून दिलं.

आणखी एक अडचण नावाची निघाली. तिचे सगळे निबंध माहेरच्या आडनावाने, पासपोर्ट सासरच्या. दोन्ही एकच बाई, हे दाखवायला लग्नाचं नोंदणी प्रमाणपत्र जोडावं लागलं. लग्नाच्या वेळी आम्ही ते हौसेने काढलं नव्हतं, तिच्या व्हिसासाठी काढलं होतं. आपल्याकडे अजूनही पत्रिका आणि फोटो म्हणजे पुरावा असं समजतात. ज्यांच्या घरात लग्नं झाली आहेत आणि नोंदणी राहिली आहे, त्यांनी मुलगी परदेशी जाणार असो वा नसो, नगरपालिकेत जाऊन ते काम आधी करून टाका. आणि बाळाच्या दाखल्यावर नाव आहे ना तेही एकदा बघा. मी त्या दिवशी घरी येऊन माझ्या दोन्ही मुलांचे दाखले काढून पाहिले.

२०२५ मध्ये कार्डं आली. मुख्य अर्जदार ती, सोबत जोडीदार म्हणून जावई. नातीला लागलंच नाही, ती तिथेच जन्मलेली. दिवाळीला तिघंही आली. सहा वर्षांनी. घरात पाऊल टाकल्यावर भाची आधी भाऊजींच्या फोटोपुढे गेली, आणि आम्ही सगळे उगाचच स्वयंपाकघरात कामाला लागलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई चिवड्यासाठी शेंगदाणे निवडत होत्या. ती शेजारी बसून खराब दाणे बाजूला काढू लागली. सासूबाईंनी तिचं ते कार्ड मागून घेतलं, चष्मा लावून उलटंपालटं करून पाहिलं.

“मग आता तू तिकडची झालीस?”

“नाही आजी. पासपोर्ट आपलाच आहे. आणि हे बघ, कार्डावर जन्माचा देश भारत असंच लिहिलंय.”

“देश लिहिलाय होय,” सासूबाई म्हणाल्या. “गावाचं नाव नाही घातलं?”